स्पॅनिश कॉलनीचं पुढचं दार

"नीट मोज गं. कापायचं असलं तरी माणसानं मोजून कापावं," कमळाक्का म्हणाल्या.

मी टेपचं एक टोक खांबाच्या पायथ्याशी चपलेनं दाबून धरलं होतं आणि दुसरं टोक घेऊन ओसरीच्या कडेपर्यंत ओणवी झाले होते.

"मी कापत नाही, आक्का. मी फक्त मोजते."

"शिंपीसुद्धा आधी फक्त मोजतोच," असं म्हणून त्यांनी खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून कावळा हाकलला.

समोरच्या ओसरीवर बसलेल्या बायका हसल्या. मार्चचे दिवस होते आणि अख्ख्या गल्लीत गव्हाच्या चिकाचा आंबूस वास भरला होता. इकडच्या ओसरीवर चीक हाटायचा, तिकडच्या ओसरीवर सोऱ्यातून पाडायचा, मध्ये गल्लीत खाटा टाकून वाळवायचं, असा त्यांचा ठरलेला कारभार होता. मी टेप गुंडाळत त्यांच्यातून वाट काढायची आणि त्या पदर न सावरता माझ्याकडे बघत राहायच्या. राग नव्हता त्यांच्या नजरेत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. आर्किटेक्चरची पदवी घेऊन करंजगडला परत आले होते, नगरपालिकेत हंगामी नोकरीला लागले होते, आणि आपलंही चुकू शकतं ही गोष्ट तोवर मला कुणी सांगितलेली नव्हती. सांगितली असती तरी मी ऐकली नसती.

काम सरळ होतं. स्टेशन रोडवर एसटी आणि ट्रक यांची दाटी व्हायला लागली होती, म्हणून स्पॅनिश कॉलनीतली मधली गल्ली रुंद करून तिकडून वाहतूक वळवायची. गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरांची एकेक रांग. दोन्ही रांगांच्या ओसऱ्या पाडल्या की रस्ता हवा तेवढा होत होता. ओसऱ्या किती आणि कुठपर्यंत जाणार, याचा नकाशा मी करायचा.

पण ओसऱ्या म्हणजे काय, ते बघितल्याशिवाय कळणार नाही. करंजगडात माणूस जन्मभर स्टेशन रोडनं गेला तरी त्याला या कॉलनीत बघण्यासारखं काही आहे असं वाटत नसे. रस्त्याच्या बाजूला नुसत्या पांढऱ्या भिंती, उंचावर बारक्या खिडक्या, मोऱ्यांचे नळ, स्वयंपाकघराचं एक छोटं दार आणि त्यावर घराचा नंबर. दुसरी रांग कचेरी रोडला पाठ करून उभी, तिची तीच तऱ्हा. आणि मधल्या गल्लीत पाऊल टाकलं की एकामागून एक कमानी. लाल कौलांचे झुकलेले छज्जे, कमानींखाली ओला टॉवेल पिळून उभा केल्यासारखे पीळदार खांब, पायाखाली निळ्या-पिवळ्या फरश्या आणि ओसरीच्या मधोमध सागवानी दुपाखी दार. प्रत्येक घराला एक धुराडं होतं आणि त्याखाली दिवाणखान्यात शेकोटीची जागा. करंजगडच्या उकाड्यात शेकोटी कोण पेटवतंय? बहुतेक घरांनी तिथं देव बसवले होते.

हे सगळं उभं केलं चिंतोपंत टेंबे यांनी. कमळाक्का त्यांच्या सूनबाई. चिंतोपंत संस्थानचे इंजिनिअर. संस्थाननं त्यांना धरणं बघायला अमेरिकेला पाठवलं आणि हा गृहस्थ कॅलिफोर्नियात घरंच बघत बसला. तिकडे तेव्हा स्पॅनिश धाटणीच्या बंगल्यांचं वेड होतं. परत आल्यावर अंमलदारांसाठी वसाहत बांधायचं काम निघालं, तेव्हा त्यांनी तीच घरं इथं उभी केली. आणि उभी करताना, गावाच्या म्हणण्याप्रमाणे, नकाशा उलटा धरला. सुंदर बाजू गल्लीत गेली आणि मोऱ्या रस्त्यावर आल्या.

गावानं याची इतकी वर्षं पुरेपूर वसुली केली होती. कॉलनीला 'उलटी कॉलनी' म्हणत, ते एक झालंच. पण कुणी सदरा उलटा घातला, कुणी पत्रिकेत वराच्या जागी वधूचं नाव छापलं, तरी करंजगडात म्हणत, "टेंबे केलास की!" मीही लहानपणापासून म्हणत आले होते. हे एका माणसाचं आडनाव आहे, त्या आडनावाची माणसं अजून गावात राहतात, हे माझ्या ध्यानात आलं ते कमळाक्कांच्या ओसरीवर.

"आक्का, खरंच नकाशा उलटा धरला होता?" मी विचारलं.

त्यांनी एक कुरडई उचलून उन्हात धरून बघितली. "गाव म्हणतंय ना? मग असेल."

"तुम्हाला माहीत असेलच की."

"मोज तू," त्या म्हणाल्या. "ऊन चढतंय."

मी मोजलं. दाराशेजारच्या खांबावर डोक्याच्या वर एक लोखंडी कडी होती आणि बरोबर तिच्याखाली फरशीत वाटीएवढा खळगा. सगळ्याच घरांना ती होती. मी नकाशात लिहिलं, 'पन्हळीचा नळ अडकवायची कडी, नळ काढलेला.' मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं.

नकाशा पुरा झाला त्या दिवशी मी तो साळोखे साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे पाडायचं नाही."

साळोखे साहेब म्हणजे नगरपालिकेचे इंजिनिअर. आडवा बांधा, पहाडी आवाज. ते हळू बोलले तरी खालच्या मजल्यावरचा जकात कारकून मान वर करायचा. माणूस सरळ होता. कुणाच्या एक पैशाच्या चहाला शिवला नव्हता आणि नियमाबाहेर पाऊल टाकत नव्हता.

"का पाडायचं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"कारण ती घरांची पुढची बाजू आहे. संस्थानच्या वेळचा नियम अजून लागू आहे, तुम्हीच सांगितलं होतं मला. मालकाच्या संमतीशिवाय घराचा दर्शनी भाग मोडता येत नाही."

"नियम बरोबर पाठ केलास. पण दर्शनी भाग रस्त्याला असतो. तुझ्या त्या घरांचा नंबर कुठं लावलाय? रस्त्याकडं. पोस्टमन कुठं येतो? रस्त्याकडं. मीटर? तिकडंच. आणि गल्लीचं नाव आपल्या दप्तरात काय हाय? सफाई गल्ली. म्हणजे घराची मागची बाजू. मागच्या दाराला नक्षी केली म्हणून ते पुढचं दार होत न्हाई, चौगुले."

"साहेब, स्पेनमध्ये घरं अशीच असतात. रस्त्याला कोरी भिंत आणि सगळी शोभा आतल्या चौकात. कॅलिफोर्नियावाल्यांनी ती शोभा रस्त्यावर आणली. म्हणजे आपली ही घरं कॅलिफोर्नियातल्या घरांपेक्षा जास्त स्पॅनिश आहेत!"

हे वाक्य मी दोन दिवस घोळवून ठेवलं होतं. साळोखे साहेबांनी ते शांतपणे ऐकलं.

"स्पेनला जाऊन रस्ता रुंद करायचा असता तर मी हे लिहून घेतलं असतं," ते म्हणाले. "करंजगडात टेंब्यांनी नकाशा उलटा धरला, एवढंच झालंय. त्या माणसानं टेंबे केलं आणि तू त्याला शास्त्र चिकटवायलीस."

"आणि मी सिद्ध केलं तर?"

"काय सिद्ध करणार?"

"की गल्लीकडची बाजूच पुढची आहे. चुकून झालेली नाही, तशीच बांधलेली आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी मी जाग्यावर येणार, चुना घेऊन. त्याच्या आत दाखीव. खरं निघालं तर मी पेन खाली ठेवतो, अध्यक्षाला काय सांगायचं ते माझं मी बघतो. न्हाई निघालं तर तुझ्याच हातानं खुणा मारायच्या. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. माझ्याकडे पुरावा म्हणून काहीही नव्हतं. पण मिळेल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मी घरोघर हिंडले. जुने नकाशे वाळवीनं केव्हाच संपवले होते. कॉलनीतल्या पुरुषांना आपण स्पॅनिश घरात राहतो याचा अभिमान होता, पण घर असं का आहे याची चौकशी कुणी केलेली नव्हती. निवृत्त डॉक्टर नाडगौडांनी मात्र मला खुर्ची देऊन ठामपणे सांगितलं, "दक्षिणेला दार नको म्हणून फिरवली घरं. यमाची दिशा. साधी गोष्ट आहे."

"डॉक्टरसाहेब, तुमच्या समोरच्या रांगेचं रस्त्याकडचं दार उत्तरेला पडतं. त्यांनी कोणत्या यमाला भिऊन फिरवलं?"

डॉक्टरांनी बोटांनी दिशा मोजून बघितल्या. मग म्हणाले, "टेंबेच केलं असणार मग. गाव उगाच कशाला म्हणेल?"

शनिवारी संध्याकाळी मी परत कमळाक्कांच्या ओसरीवर जाऊन बसले. समोरची एक बाई तान्ह्या नातवाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती, दुसरी केस मोकळे सोडून वाळवत बसली होती. गल्लीच्या दोन्ही तोंडांना झाडं होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं आणि बाहेरून आतलंही. इथून आता ट्रक जाणार, हे मनात आलं आणि मला एकदम भडभडून आलं.

"आक्का, तुम्हाला काहीतरी माहीत आहे. सोमवारी साहेब चुना घेऊन येणार आहेत. आता नाही सांगितलंत तर ही जागा जाईल."

त्यांचे डोळे भरले, पण आवाज होता तसाच राहिला. "पोरी, मी लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. सासरच्या घराला भ्यायचे. या जागेला नाही भ्यायले. माझी तीन बाळंतपणं झाली तेव्हा मी सव्वा महिन्यांनी पहिल्यांदा आले ती इथं, या खांबाशी. ही जागा जायची म्हणजे काय, ते मला तू सांगू नकोस. पण सासूबाईंनी माझ्याकडून वचन घेतलंय. आपण होऊन बोलायचं नाही."

"अहो, पण सासूबाई आता..."

"नाहीत. म्हणून तर मोडता येत नाही. असत्या तर विचारलं असतं." त्यांनी डोळे पुसले. "उद्या पाडवा आहे. सकाळी ये. पानं आमच्याकडंच घेऊ."

मी मनातून चरफडत घरी गेले. एवढी जिवावरची वेळ आणि या बाईला श्रीखंडाचं सुचतंय, असंच मला वाटलं.

पाडव्याला सकाळी सायकलवरून निघाले तर गावात घरोघरी गुढ्या उभ्या होत्या. स्टेशन रोडला लागले आणि कॉलनीपाशी आल्यावर पाय थांबले. पांढऱ्या भिंतींची रांगच्या रांग कोरी. एका दारावर गुढी नव्हती. तोरण नाही, रांगोळी नाही. घरं पाडणार म्हणून यांनी सण धरलाच नाही की काय, असं मला वाटलं. सायकल भिंतीला टेकवली, नेहमीच्या छोट्या दारातून आत शिरले, स्वयंपाकघर ओलांडलं, दिवाणखाना ओलांडला आणि ओसरीवर आले.

गल्लीत दोन्ही बाजूंनी गुढ्याच गुढ्या होत्या.

प्रत्येक ओसरीवर एक. हिरवी, जांभळी, केशरी लुगडी वाऱ्यानं हलत होती, वर पालथे तांबे उन्हात चमकत होते, कडुनिंबाचे डहाळे आणि साखरेच्या गाठी लोंबत होत्या. सागवानी दारं सताड उघडी, दारांना आंब्याचे टाळे आणि झेंडूची तोरणं. गल्लीभर रांगोळ्या. कमळाक्का पैठणी नेसून गुढीला हळद-कुंकू वाहत होत्या. गुढीची कळकाची काठी फरशीतल्या त्या वाटीएवढ्या खळग्यात रोवलेली होती आणि खांबावरच्या कडीतून वर गेली होती. ना दोरी, ना सुतळी.

"आक्का," मी म्हणाले, "ही कडी कशाची आहे?"

"कशाची म्हणजे? गुढीची. दिसत नाही का?"

"मी नकाशात लिहिलंय, पन्हळीच्या नळाची."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती मला अजून आठवते. "शिकवतात काय गं तुम्हाला तिथं?"

"पहिल्यापासून गुढी इथंच उभारता? रस्त्याच्या दारात कधीच नाही?"

"मोऱ्यांच्या दारात कोण गुढी उभारतं? काहीतरीच बोलतेस सणाचं."

मी तशीच मागं फिरले. त्या "अगं, निंब तरी तोंडात घाल" म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. साळोखे साहेबांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी पोचले तेव्हा ते नवा सदरा घालून पाटावर बसले होते आणि वहिनी पुऱ्या तळत होत्या.

"साहेब, तुमची गुढी कुठं आहे?"

"आलीस ती डोळे मिटून आलीस काय? दारात हाय की."

"पुढच्या दारात की मागच्या?"

"मागच्या दारात गुढी उभारतंय व्हय कोण? काय बोलतीस सकाळ सकाळी!"

"मग चला."

"कुठं?"

"स्पॅनिश कॉलनीत. आत्ता. सूर्य मावळला की गुढ्या उतरतील, मग उद्या मी तुम्हाला काही दाखवू शकणार नाही."

साळोखे साहेबांनी ताटाकडे बघितलं. वहिनी आतून म्हणाल्या, "जाऊन या की. पोरगी सणासुदीची घामाघूम होऊन आलीया." त्यांनी निमूटपणे स्कूटरची किल्ली घेतली.

मी मुद्दाम आधी त्यांना स्टेशन रोडवरून नेलं. कॉलनीच्या अख्ख्या लांबीवर त्यांना स्कूटर हळू चालवायला लावली. नंतर कचेरी रोडवरून. ते एकेका कोऱ्या दाराकडे बघत होते. मग आम्ही झाडांच्या बाजूनं गल्लीत शिरलो. त्यांनी स्कूटर बंद केली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. बायका पदर सावरून उठल्या. सरकारी माणूस सणाच्या दिवशी आला म्हणून कुणाच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता.

"कड्या मागनं बसवल्या असतील," ते म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"तुम्ही बघा. मी बोलत नाही."

ते कमळाक्कांच्या ओसरीवर चढले. चढताना चपला काढल्या. खांबावर बोट फिरवत वर गेले. खांबाचा पीळ खालून वळत वळत येतो आणि कडीपाशी वीतभर जागा सपाट सोडून पुढं पुन्हा सुरू होतो. त्यांनी ती जागा पुन्हा पुन्हा चाचपली. मग खाली बसून खळग्याभोवतीची फरशी बघितली. निळ्या-पिवळ्या फरशीची नक्षी त्या खळग्याला मध्ये घेऊनच मांडलेली होती.

"खांब ओततानाच कडीची जागा सोडलीय," ते स्वतःशीच म्हणाले. "गुढी इथं उभारायची, म्हणजे दार हेच. हे कबूल. दर्शनी भाग हाच."

मी एवढी खूश झाले की टाळी वाजवायचीच बाकी राहिली. पण ते उठले नव्हते. उकिडवे बसूनच गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होते.

"चौगुले, ह्या गल्लीला गटार कुठं हाय?"

"नाही. गटार रस्त्यांच्या बाजूला आहे. दगडी."

"संस्थानच्या काळातलं. माहीत हाय मला, दर पावसाळ्यात मीच उपसून घेतो." ते थांबले. "गटार आधी खणतात, घर मागनं बांधतात. ह्या माणसानं चुकून नकाशा उलटा धरला असता, तर मोऱ्या गेल्या असत्या रस्त्याकडं आणि गटार राहिलं असतं इथं, गल्लीत. सफाई गल्लीत. तसं न्हाई. गटार आधीच तिकडं नेलंय." ते हळूहळू उभे राहिले. "टेंब्यांनी नकाशा उलटा धरला न्हवता. हे ठरवून केलंय. पार पायापासनं."

मागं भांडं पडल्याचा आवाज झाला. कमळाक्कांच्या हातून कडुनिंबाच्या प्रसादाची वाटी निसटली होती. त्या दाराच्या उंबऱ्यावर मटकन बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. मी धावले. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"मी नाही बोलले," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना? साहेब बोलले. मी आपण होऊन नाही बोलले."

"न्हाई, न्हाई, मीच बोललो," साळोखे साहेब घाबरून म्हणाले. बाईमाणूस समोर रडतंय म्हटल्यावर त्यांना हात कुठं ठेवावेत कळेना.

"मग आता सांगते," आक्का म्हणाल्या. समोरच्या ओसरीवरच्या बायका गल्ली ओलांडून आल्या आणि पायऱ्यांवर बसल्या. त्यांच्यापैकी कितीजणींना हे माहीत होतं, मला सांगता येणार नाही. चेहऱ्यांवरून वाटलं, बऱ्याच जणींना असावं.

"मामंजींनी नकाशा काढला तो सरळच काढला होता. कमानी रस्त्याकडं. अंमलदारांना तसंच हवं होतं, आरामखुर्च्या टाकून येणारं-जाणारं बघायला. मामंजींनी तो सासूबाईंना दाखवला. फार हौसेनं दाखवला. सासूबाई म्हणाल्या, 'सुंदर आहे. इथं मला बसता येईल?' मामंजी म्हणाले, 'रस्त्यावर कसं बसणार तुम्ही? पुरुषमाणसं येणार-जाणार.' 'मग आमच्यासाठी काय बांधलंत?' मामंजी म्हणाले, 'स्वयंपाकघर.' सासूबाई पुढं काही बोलल्या नाहीत. मामंजी मात्र रात्रभर जागे होते म्हणायच्या."

"आणि त्यांनी सगळीच घरं फिरवली?" मी विचारलं.

"सगळी. उन्हाळ्यात महाराजांबरोबर अंमलदार महाबळेश्वरला गेले, तेवढ्या मुदतीत पाया, गटारं, खांब, सगळं झालं. अंमलदार परत आले आणि डोक्याला हात लावून उभे राहिले. दिवाणसाहेबांनी भर कचेरीत विचारलं, 'हे काय करून ठेवलंत?' आता बायकांसाठी केलं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पाडून घेतलं असतं त्यांनी. मामंजी हात जोडून म्हणाले, 'नकाशा उलटा धरला गेला. चूक झाली.' कचेरी हसली. हसली म्हणून राग गेला आणि राग गेला म्हणून घरं राहिली. मामंजींची बढती गेली, ती कायमची. पुढं गाव हसायला लागलं. शाळेत माझ्या नवऱ्याला चिडवलं, मग माझ्या मुलांना. मामंजी म्हणायचे, 'हसू द्या. तो हशा थांबला तर कुणीतरी विचार करायला लागेल.' सासूबाईंनी म्हणून वचन घेतलं माझ्याकडून."

साळोखे साहेब खाली फरशीकडे बघत होते. त्यांच्या तोंडात दिवसातून चारदा 'टेंबे केलं' असायचं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"आक्का," ते अखेर म्हणाले, "गल्ली राहिली. मी लिहून देतो. वाहतुकीला दुसरी वाट बघू. तुम्ही निर्धास्त राहा."

"ते झालंच," आक्का म्हणाल्या. त्यांनी पदरानं चेहरा कोरडा केला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. ठेंगणी बाई, साहेबांच्या खांद्याएवढीसुद्धा नव्हती. "साहेब, तुम्ही मघाशी जे म्हणालात, ते रस्त्यावर उभं राहून म्हणाल का?"

"कुठं?"

"स्टेशन रोडला. हसले ते तिथं."

मला वाटलं, साहेब हसून वेळ मारून नेतील. पण त्यांनी चपला हातात घेतल्या, सागवानी दारातून आत गेले, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर ओलांडून छोट्या दारातून बाहेर रस्त्यावर आले. आम्ही सगळ्या त्यांच्या मागं. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं आणि सणाची गर्दी. नगरपालिकेचे साहेब आणि त्यांच्यामागं पैठण्या नेसलेल्या बायका बघून चरकाची घुंगरं थांबली.

"ऐका रे!" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मी आधी सांगितला आहेच. पार एसटी स्टँडपर्यंत गेला असेल. "टेंबे इंजिनिअरनं नकाशा उलटा धरला न्हवता! मी, नगरपालिकेचा इंजिनिअर, स्वतः बघून सांगतोय. माणसानं बायकापोरांसाठी घरं मुद्दाम तशी बांधली, आणि ती राहावीत म्हणून जन्मभर तुमचं-माझं हसणं सोसलं. आजपासनं 'टेंबे केलं' म्हणायचं असलं तर चांगल्या कामाला म्हणा!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गुऱ्हाळावरचा एक म्हातारा तेवढा उठला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कमळाक्का मान ताठ ठेवून त्या कोऱ्या भिंतीपाशी उभ्या होत्या. मला हुंदका आवरला नाही आणि मी तो आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"चला," आक्का म्हणाल्या. "श्रीखंड पातळ होतंय. साहेब, तुम्हीही जेवूनच जायचं."

साहेब रुमालानं मान पुसत परत त्या छोट्या दाराकडे वळले. एक पाय आत टाकणार, तोच आक्का आडव्या आल्या.

"तिथून नको. सणाचं पाहुण्यानं मागच्या दारानं येऊ नये. पुढच्या दारानं या."

साळोखे साहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा त्या लांबच लांब भिंतीकडे. मग "व्हय, आलो," म्हणाले आणि भर दुपारच्या उन्हात अख्ख्या कॉलनीला वळसा घालून, झाडांच्या बाजूनं, गुढ्यांखालून चालत आले.